रुग्णालयातले बालमृत्यू: कारण शोधण्यापासून वॉर्डात बदल घडवण्यापर्यंत

२०२२ मध्ये जगभरात पाच वर्षांखालची सुमारे ४९ लाख मुलं दगावली. त्यातली सुमारे २३ लाख जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतच गेली. कारणांची यादी या क्षेत्रातल्या प्रत्येकाला पाठ आहे: अकाली जन्म, जन्मताना गुदमरणं, न्यूमोनिया, जुलाब, मलेरिया, जन्मजात व्यंग, नवजाताचा जंतुसंसर्ग. पण ही यादी भिंतीवर लावून कुठल्याच वॉर्डाला उद्या सकाळी काय बदलायचं ते कळत नाही. त्यासाठी आपल्या रुग्णालयातला एकेक मृत्यू उलगडून बघावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये याच कामासाठी एक कार्यपुस्तिका काढली. इथे दिलेली पद्धत बालरोग वॉर्ड आणि नवजात कक्षात काम करणाऱ्या डॉक्टर, सिस्टर आणि नोंदी ठेवणाऱ्यांसाठी आहे.

सुरुवातीपासून दोन प्रश्न वेगळे ठेवा. मूल कोणत्या आजारानं गेलं? आणि कुठे काय वेगळं झालं असतं तर ते वाचण्याची शक्यता होती? पहिल्याचं उत्तर वैद्यकीय असतं, दुसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा वेळ, माणसं, सामान आणि नोंदी यांत सापडतं. दोन्ही एकत्र कालवले की ‘न्यूमोनियानं गेलं’ एवढ्यावर चर्चा संपते आणि ऑक्सिजन तासभर उशिरा लागला ही गोष्ट कागदावर येतच नाही.

पायरी १: एकही मृत्यू यादीबाहेर राहू देऊ नका

फक्त वॉर्डाच्या रजिस्टरवर विसंबलात तर मृत्यू सुटणारच. कॅज्युअल्टीत, दाखल होण्याआधी गेलेलं मूल वॉर्डाच्या रजिस्टरमध्ये नसतं. शस्त्रक्रियागृहात गेलेलं मूल सर्जरीच्या खात्यात जातं. प्रसूतिगृहात जन्मून दहा मिनिटांत गेलेलं बाळ कधी कधी कुठेच नसतं. म्हणून दर आठवड्याला चार ठिकाणच्या नोंदी ताडून बघा: कॅज्युअल्टी, बालरोग वॉर्ड आणि अतिदक्षता, प्रसूतिगृह व नवजात कक्ष, शवागार. शवागाराची नोंद सर्वांत उपयोगी, कारण तिथे विभागांच्या सीमा नसतात.

मृतावस्थेत आणलेली मुलं वेगळ्या रकान्यात ठेवा. ती रुग्णालयातल्या मृत्यूंच्या प्रमाणात धरायची नाहीत, पण यादीतून काढूनही टाकायची नाहीत. कुठल्या भागातून, किती वेळ प्रवास करून आली हे त्यांच्याच नोंदीतून कळतं. पालकांनी स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेलेली आणि दुसरीकडे पाठवलेली मुलंही शेजारच्या यादीत असू द्या. एखाद्या महिन्यात मृत्यू कमी झाले आणि त्याच महिन्यात ‘घरी नेलं’च्या नोंदी वाढल्या, तर आनंद मानण्याआधी त्या फाइली काढा.

मृत जन्म आणि जिवंत जन्म यांतली गफलत इथेच सर्वांत जास्त होते. जन्मल्यावर श्वास, हृदयाचे ठोके, नाळेची स्पंदनं किंवा स्नायूंची स्पष्ट हालचाल यांपैकी एक जरी खूण क्षणभर दिसली, तरी तो जिवंत जन्म आणि त्यानंतरचा मृत्यू हा नवजात मृत्यू. मृत जन्म असेल तर कातडी सुटलेली होती की नाही आणि आई दाखल झाली तेव्हा बाळाचे ठोके लागत होते का, हे दोन मुद्दे हमखास लिहा. ठोके लागत होते आणि बाळ मृत जन्मलं, तर तो मृत्यू प्रसूतीदरम्यानचा आहे. त्याचं पुनरावलोकन प्रसूती विभागाला सोबत घेऊनच व्हायला हवं.

पायरी २: वयोगट आणि भाजक आधी ठरवा

वयोगट असे पाडा: ०–६ दिवस, ७–२७ दिवस, २८ दिवस ते ११ महिने, १–४ वर्षं, ५–९ वर्षं, १० वर्षं व पुढे. नवजातांच्या बाबतीत जन्मवजन ग्रॅममध्ये आणि गर्भाचे पूर्ण आठवडे नसतील तर पुढचं विश्लेषण पोकळ राहतं.

मृत्यूंचं प्रमाण काढताना अंशात त्या काळात दाखल मुलांतले मृत्यू घ्या आणि भाजकात घरी गेलेली, दुसरीकडे पाठवलेली, पालकांनी स्वतःच्या जबाबदारीवर नेलेली आणि दगावलेली अशी सगळी मुलं. समजा एका महिन्यात अशी ३१० मुलं होती आणि १४ दगावली, तर प्रमाण ४.५ टक्के. हा एकच आकडा फारसं सांगत नाही. त्याच महिन्यात गंभीर न्यूमोनियाची ४० मुलं होती आणि ४ गेली, म्हणजे त्या आजारात १० टक्के. कामाचा आकडा हा. मात्र ४ ऐवजी ५ मृत्यू झाले की तो थेट १२.५ टक्क्यांवर जातो. त्यामुळे आजारनिहाय प्रमाण दरमहा जाहीर करू नका, निदान तीन महिन्यांचं एकत्र बघा.

दाखल झाल्यापासून मृत्यूपर्यंतचा काळ तासांत लिहा. पहिल्या २४ तासांतले मृत्यू बरेचदा ‘उशिरा आणलं होतं’ म्हणून बाजूला काढले जातात. ही सवय मोडायला हवी. दारातली तपासणी, ऑक्सिजन, शुगर आणि पहिला डोस यांत रुग्णालयाच्या हातात सर्वांत जास्त असतं ते याच तासांत.

पायरी ३: फाइल ताब्यात घ्या

मृत्यूनंतर २४ तासांच्या आत केसपेपर, सिस्टरांची चार्ट, औषधांचा कागद, प्रयोगशाळेचे अहवाल, पाठवणी चिठ्ठी आणि नवजात असेल तर आईची फाइल एकत्र करून त्यांची प्रत ठेवा. मागाहून लिहिलेली ओळ असेल तर ती कधी लिहिली त्याची वेळ तिच्यासमोर असावी. कोरी राहिलेली जागा कोरीच राहू द्या. वेळ न लिहिलेली नोंद आणि भरून काढलेली नोंद यांत दुसरी जास्त नुकसान करते, कारण ती खरी वाटते. सारांश काढायचं काम त्या मुलावर उपचार न केलेल्या व्यक्तीकडे द्या. सारांशात मुलाचं आणि कर्मचाऱ्यांचं नाव नको, फक्त क्रमांक आणि पद.

पायरी ४: वेळेची पट्टी मांडा

सगळ्या कामाचा कणा हाच. फाइल वाचताना जे दिसत नाही ते वेळा एकाखाली एक लिहिल्या की दिसतं. खालचं उदाहरण समजण्यासाठी रचलेलं आहे. मूल १४ महिन्यांचं, वजन ६.२ किलो, दंडाचा घेर १०८ मिलिमीटर, पाच दिवस जुलाब, मलूल.

रात्री ८:१० – कॅज्युअल्टीत आगमन
८:५५ – डॉक्टरांनी पाहिलं, हातपाय कोमट, नाडी लागते, शुगर सांगितली
९:५० – शुगर ३८ मिलिग्रॅम
१०:०० – १० टक्के ग्लुकोज ३१ मिली शिरेतून
१०:२० – अँटिबायोटिक लिहून दिलं
११:४५ – वॉर्डात हलवलं
१२:०० – ५०० मिलीची सलाईनची बाटली लावली
१२:३० – अँटिबायोटिकचा पहिला डोस
१२:३० ते ५:४० – एकही नोंद नाही
५:४० – श्वास अडखळतोय
६:१५ – मृत घोषित

आता प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारा: काय व्हायला हवं होतं, काय झालं, मध्ये किती वेळ गेला.

दंडाचा घेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी, म्हणजे तीव्र कुपोषण. असं मलूल मूल दारातच पुढे घ्यायला हवं. इथे ४५ मिनिटं गेली. तीव्र कुपोषणात शुगर ५४ मिलिग्रॅमखाली गेली की उपचार लागतो. सांगितल्यापासून हातात यायला ५५ मिनिटं लागली, म्हणजे ग्लुकोमीटर किंवा पट्टी कॅज्युअल्टीत नव्हती का, हा पुढचा प्रश्न. ग्लुकोजचा डोस बरोबर होता: किलोला ५ मिली या हिशेबानं ३१ मिली. पण अर्ध्या तासानं पुन्हा शुगर बघितल्याची नोंद नाही. त्यानंतर दर दोन तासांनी एफ-७५ या तीव्र कुपोषित मुलांसाठीच्या खास दुधाचे सुमारे ७० मिली नळीनं किंवा वाटी-चमच्यानं जायला हवे होते. एकही दूध नोंदलेलं नाही. पोट रिकामं राहिलं की शुगर पहाटे पुन्हा कोसळते, आणि पहाटेच कुणी बघत नाही. शरीराचं तापमान तर कुठेच लिहिलेलं नाही. काखेत ३५ अंशांखाली गेलेलं कुपोषित मूल गार पडून दगावू शकतं.

सर्वांत बोलकी ओळ १२ वाजताची. मूल शॉकमध्ये, म्हणजे रक्ताभिसरण कोसळलेल्या अवस्थेत, असल्याची नोंद नाही, तरी ब्युरेटशिवाय (सलाईन थोडं थोडं मोजून सोडणारं नळकांडं) पूर्ण बाटली लावली. पाच तासांत ती संपली असेल तर किलोला ८० मिली गेलं. तीव्र कुपोषणात हृदय कमजोर असतं. शॉक नसेल तर अशा मुलाला शिरेतून द्रव द्यायचं नाही, कुपोषित मुलांसाठीचं जलसंजीवनीचं द्रावण तोंडानं किंवा नळीनं हळूहळू द्यायचं. जास्त द्रवाचा धोका कुपोषणापुरताच आहे असंही नाही. युगांडा, केनिया आणि टांझानियात झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फीस्ट’ चाचणीत ताप आणि मंद रक्ताभिसरण असलेल्या मुलांना झपाट्यानं द्रव दिल्यावर ४८ तासांत सुमारे १०.५ टक्के दगावली, न दिलेल्या गटात ७.३ टक्के. ‘भरपूर सलाईन चढवा’ हा विचार किती रुजलेला होता हे लक्षात घेतलं तर या आकड्यांचं वजन कळतं.

मग १२:३० ते ५:४० ही पाच तासांची पोकळी. इथे लगेच ‘सिस्टरनं बघितलं नाही’ असं लिहू नका. त्या रात्री वॉर्डात किती मुलं होती, किती सिस्टर होत्या, त्याच वेळी दुसरं कुठलं मूल अत्यवस्थ होतं का, हे ड्युटीच्या तक्त्यावरून आधी पाहा.

पायरी ५: कारण साखळीत लिहा

मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्रावर ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. हृदय आणि श्वास प्रत्येकाचेच थांबतात. ती मृत्यूची रीत आहे, कारण नव्हे. प्रमाणपत्राच्या पहिल्या भागात वरून खाली साखळी असते: ‘अ’ ओळीत अखेरची घटना, खाली ती कशामुळे, सर्वांत खालच्या वापरलेल्या ओळीत मूळ कारण. दुसऱ्या भागात हातभार लावलेल्या पण साखळीत थेट न बसणाऱ्या गोष्टी. प्रत्येक ओळीसमोर कालावधी. उदाहरणार्थ:

अ) श्वसन निकामी होणं – ६ तास
आ) न्यूमोनिया – ३ दिवस
इ) गोवर – ८ दिवस
भाग दोन: तीव्र कुपोषण

इथे मूळ कारण गोवर. प्रमाणपत्रात फक्त ‘न्यूमोनिया’ लिहिलं असतं तर लसीकरणाची फट कुणाच्या लक्षात आली नसती. खालून वर वाचून बघा: ‘गोवरामुळे न्यूमोनिया झाला, त्यामुळे श्वसन निकामी झालं.’ वाक्य जुळलं तर साखळी बरोबर. कालावधीही वरून खाली वाढत जायला हवा. तो उलटा दिसला तर ओळी चुकल्या.

आणखी तीन चुका नेहमी सापडतात. नुसतं ‘सेप्सिस’ (शरीरभर पसरलेला गंभीर जंतुसंसर्ग) लिहिणं: संसर्ग कुठला, नाळेचा, फुप्फुसाचा, मेंदूच्या आवरणाचा की आतड्याचा, ते हवं, जंतू सापडला असेल तर तोही. नुसतं ‘प्रिमॅच्युरिटी’: ३४ आठवडे आणि २१०० ग्रॅमचं बाळ नुसत्या अकाली जन्मानं सहसा जात नाही, त्यामागे दुसरं काही शोधा. आणि ‘बर्थ अ‍ॅस्फिक्सिया’ (जन्मताना गुदमरणं) हा शिक्का: जन्मताना न रडलेल्या प्रत्येक बाळाला तो लागतो, त्यात जन्मजात संसर्ग आणि व्यंग दडून राहतात. नवजातांसाठी आईच्या आजाराची नोंद सोबत ठेवण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या वर्गीकरणात आहे, ती वापरा.

दाखल होऊन ४८ तास उलटल्यावर सुरू झालेला संसर्ग रुग्णालयात लागलेला धरावा आणि तसं स्पष्ट लिहावं. हे लिहायला हात अडखळतो, तरी लिहा. आफ्रिका आणि दक्षिण आशियातल्या काही ठिकाणी ‘चॅम्प्स’ या संशोधन जाळ्यानं मृत मुलांच्या ऊतींचे सुईनं घेतलेले बारीक नमुने तपासले. बहुसंख्य मृत्यूंच्या साखळीत एकापेक्षा जास्त आजार निघाले, आणि क्लेबसिएला हा जंतू मोठ्या प्रमाणात सापडला. अनेक रुग्णालयांतल्या संसर्गांमागे हाच जंतू असतो. नुसत्या फाइलीवरून कारण ठरवताना याची जाणीव ठेवावी.

म्हणून प्रत्येक कारणासमोर खात्रीची पातळी लिहा: निश्चित, बहुधा, शक्य. वरच्या १४ महिन्यांच्या मुलात तीव्र कुपोषण निश्चित, शुगर पुन्हा कोसळणं बहुधा, द्रवाच्या भारानं हृदय निकामी होणं शक्य. मूळ कारण जुलाब धरायचं की कुपोषण, यावर दोन समित्या दोन उत्तरं देतील. नियम एकदा ठरवा, लिहून ठेवा आणि वर्षभर तोच पाळा. नियम मध्येच बदलला तर आलेखात आजार बदलल्यासारखा दिसतो.

पायरी ६: टाळता येण्याजोग्या गोष्टी

मुलाच्या प्रवासाचे टप्पे पाडा: घर, पहिला दवाखाना, वाटेतला वेळ, आपलं दार, पहिला तास, वॉर्ड, ड्युटी बदलतानाची वेळ. प्रत्येक टप्प्यावर चूक असेलच असं नाही, असेल तर ‘बहुधा वाचलं असतं’ की ‘कदाचित फरक पडला असता’ हे ठरवा. घरच्यांवर बोट ठेवण्याची घाई नको. पहिल्या दवाखान्यानं दोनदा परत पाठवलेलं मूलही ‘उशिरा आणलं’ म्हणूनच नोंदलं जातं.

आपल्या दारात शोधायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. श्वास, शॉक, बेशुद्धी, झटके आणि गंभीर शुष्कता ही आणीबाणीची लक्षणं रांगेतच तपासली का? पल्स ऑक्सिमीटर लावला का, रक्तातला ऑक्सिजन ९० टक्क्यांखाली असताना ऑक्सिजन किती मिनिटांत सुरू झाला, आणि नंतर पुन्हा मोजलं का? सिलिंडर रिकामा निघणं, लहान नेझल प्रॉन्ग (नाकात बसवायची ऑक्सिजनची नळी) नसणं, बाळाच्या मापाचा मास्क कुलूपबंद कपाटात असणं, या तिन्ही गोष्टी मूल दगावल्यावरच उघड होतात. अँटिबायोटिक लिहिल्यापासून दिल्यापर्यंतचा वेळ प्रत्येक फाइलीत काढा. वजन न करता अंदाजे डोस दिला असेल तर तेही नोंदवा.

पायरी ७: बैठक

महिन्यातून दोनदा, तासाभराची, आणि एका बैठकीत दोनच मृत्यू सविस्तर. सगळे मृत्यू सारांशात येतील, पण सविस्तर चर्चेसाठी असे निवडा ज्यातून काही बदलता येईल. डॉक्टर, वॉर्डातल्या आणि रात्रीच्या सिस्टर, औषधभांडार, प्रयोगशाळा, नवजात असेल तर प्रसूती विभाग, आणि खर्चाला मंजुरी देऊ शकणारी एक व्यक्ती हवीच. रात्रीच्या सिस्टर नसतील तर रात्रीच्या मृत्यूंवरची चर्चा अंदाजांवरच चालते.

सुरुवातीला नियम मोठ्यानं वाचा: नावं घ्यायची नाहीत, इथलं बोलणं शिस्तभंगाच्या कारवाईत वापरलं जाणार नाही. प्रशासनाकडून हे लेखी घेतलेलं असावं. हेतुपुरस्सर हयगय दिसली तर तिचा मार्ग वेगळा, या बैठकीत तो विषय नको. एकदा जरी इथल्या बोलण्यावरून कुणाला नोटीस गेली, तर पुढच्या महिन्यापासून फाइलीत फक्त सोयीच्या वेळा लिहिल्या जातील.

पालकांशी बोलायचं असेल तर काही आठवड्यांचा अवकाश द्या आणि उपचार न केलेल्या अनुभवी व्यक्तीला पाठवा. मूल कधी आजारी पडलं, आधी कुठे नेलं, तिथे काय सांगितलं, इथे आल्यावर किती थांबावं लागलं हे त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. मूल का गेलं हे त्यांना समजेल अशा भाषेत सांगणं हे आपलं कर्तव्य आहे. त्यांनी विचारलं नाही तरी.

पायरी ८: निर्णय आणि त्याची तपासणी

‘कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे’ ही शिफारस जवळजवळ प्रत्येक इतिवृत्तात असते आणि तिच्यातून फारसं काही बदलत नाही. वरच्या उदाहरणातून निघणारे निर्णय असे असावेत: कॅज्युअल्टीच्या टेबलावर ग्लुकोमीटर आणि ५० पट्ट्या, साठा दर सोमवारी मोजायचा, दारातल्या वजनकाट्याशेजारी दंडाची पट्टी, पाच वर्षांखालच्या मुलाला ब्युरेटशिवाय सलाईन नाही, कुपोषित मुलाच्या खाटेला दुधाच्या वेळांचा तक्ता, रात्री २ आणि ४ चे रकाने रंगवलेले, अँटिबायोटिकचा पहिला डोस वॉर्डात हलवण्याआधी कॅज्युअल्टीतच. प्रत्येकासमोर एक पद, एक तारीख आणि झालं की नाही हे कसं मोजणार ते. पण एका बैठकीत यांतले तीनच निवडा, त्यापेक्षा जास्त निर्णय घेऊ नका, कारण पंधरा निर्णयांचा पाठपुरावा कुणी करत नाही.

पुढच्या बैठकीची सुरुवात मागच्या निर्णयांनीच करा. तीन महिन्यांनी त्याच आजाराच्या दहा फाइली काढा, जगलेल्या मुलांच्याही, आणि शुगर मोजायला किती मिनिटं लागली, पहिला डोस कधी गेला, रात्रीचं दूध नोंदलं गेलं का हे मोजा. मृत्यूंचा आकडा हलायला वेळ लागतो, कधी तो वाढतोही: उपचार सुधारले की आजूबाजूचे दवाखाने जास्त अत्यवस्थ मुलं पाठवू लागतात. मिनिटांमधला फरक मात्र लगेच दिसतो, आणि रकाना कोराच निघाला तर त्या वॉर्डात काही बदललेलं नाही.